पुळणीवरच्या बागेत तण, वाळवंटासारखी खडी टाकू का?

ठाण्याचा गुहागरकर

नमस्कार मंडळी. गुहागरला समुद्राला लागून आमचं घर आहे, मागे साधारण तीनेक गुंठे जागा, सगळी पुळण, कितीही खणा वाळूच लागते. कडेने नारळ, एका बाजूला सुरूची रांग आणि मधली जागा मोकळी. आई तिथे एकटी असते, वय झालंय, गुडघे बोलतात, पण खुरपं काही हातातून सुटत नाही. मी ठाण्याला. मे महिना, गणपती आणि शिमगा एवढंच येणं होतं. त्यामुळे अशी बाग करायची आहे की पाणीही कमी लागेल आणि माणूसही कमी लागेल.

यूट्यूबवर वाळवंटातल्या घरांच्या बागा बघितल्या, राजस्थानातल्या पण आणि अमेरिकेत ॲरिझोनातल्या पण. छान खडी पसरलेली, मध्ये मध्ये कोरफड, घायपात, निवडुंग, अडेनियम, आणि तण औषधालासुद्धा नाही. म्हटलं आपल्याकडे वाळू आयतीच आहे, दिवाळीनंतर मेपर्यंत पाऊस नसतोच, मग आपली पुळण आणि ते वाळवंट यात फरक तो काय? नर्सरीवाला म्हणाला खाली वीड मॅट, म्हणजे तण अडवणारं कापड अंथरा, वर चार इंच खडी टाका, जन्मात तण येणार नाही. डंपर सांगणारच होतो पण आई म्हणते थांब जरा, कुणा जाणत्याला विचार मग काय ते कर.

आत्ता काय काय उगवतं ते सांगतो. सगळ्यात जास्त लव्हाळा. आई म्हणते हा पूर्वी नव्हता, नारळांना तांबडी माती आणि शेणखत आणून टाकलं तेव्हापासून शिरलाय. मग दुर्वा, केना, पावसात टाकळा इतका माजतो की विहिरीकडची वाट दिसत नाही. गडग्याला रानमोडी. आणि समुद्राच्या बाजूने ती जांभळ्या फुलांची वेल सरपटत आत येते. शेजारचे काका म्हणतात खारं पाणी मार, सगळं जळून जाईल. भाऊ म्हणतो औषध मार. तर खडी, औषध की आणखी काही, कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या खूप झाल्या बघून.

केळशीची आगरवाली

दादा, डंपर अजिबात सांगू नका. आईंचं ऐका.

आमच्याकडे समुद्राकाठी एकाने अशी खडीची बाग केली होती, राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पहिल्या वर्षी लोक फोटो काढायचे. दोन पावसाळे गेल्यावर मी मुद्दाम बसून खडी हाताने बाजूला करून बघितली. खडीच्या फटींत सुरूच्या काड्या आणि पाचोळा कुजून बोटभर काळा गाळ साठलेला, आणि केना, गवत जे काय होतं ते सगळं त्या गाळात रुजलेलं. मुळं मॅटच्या विणीत अशी गुंतली होती की रोप उपटलं तर मॅटच वर यायची. म्हणजे बघा, ते तण मॅटखालून आलंच नव्हतं, वरून पडलेल्या बियांचं होतं, मॅट त्याला काय करणार? लव्हाळा मात्र खालून आला. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ प्लास्टिकला भोक पाडून वर येतो, साध्या मॅटचीही तीच गत. आता तिथे खडी काढायला माणसं मिळत नाहीत आणि खडी असल्यामुळे खुरपंही चालत नाही. काढणार कोण आणि टाकणार कुठे.

वाळवंटातली खडी टिकते कारण तिथे पाऊस नावालाच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोही चार महिन्यांत. त्यात वाळूवर टाकलेली खडी हळूहळू खाली बसते, वर शेवाळ धरतं आणि म्हातारं माणूस पाय घसरून पडतं, हे तुमच्या आईंसाठी मुद्दाम सांगतेय.

आणि अजून एक, तुम्ही ठाण्याला राहून विसरला असाल. दगडांचा ढीग म्हणजे फुरशासारख्या विषारी सापाला घर. फुरसं आणि विंचू दोन्ही दगडाखालीच बसतात आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गात फुरशांची कमी नाही. ॲरिझोनात काय असतं ते त्यांचं त्यांना.

खडीच्या जागी तुमच्याकडे फुकटचा माल पडलाय की. सुरूबनात खाली फारसं काही उगवत नाही हे लहानपणापासून बघितलं असेल ना? त्या काड्या गोळा करून चार बोटं जाड पसरा. नारळाच्या झावळ्या कोयतीने तोडून त्यावर दाबायला टाका म्हणजे वारा उडवणार नाही. सोडणं (नारळाची सालं) असतील तर ती आळ्यात पालथी लावा, उताणी ठेवलीत तर प्रत्येकात पाणी साठून डास होतात. फक्त घराच्या जोत्यापासून दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी थेट वाशांना लागेल. आणि पाचोळ्यात एकदम हात घालू नका, आधी काठीने ढवळा मग हात घाला, पायात गमबूट असूदे. हे आईंना पण सांगा, म्हणजे त्यांना माहीत असणारच म्हणा.

पावसपाणी

खाऱ्या पाण्याचं कोण सांगतंय त्या काकांना विचारा त्यांची विहीर कुठे आहे 😄 पुळणीत टाकलेलं पाणी सरळ खाली जातं, तुमच्याच विहिरीत. आणि ती जांभळ्या फुलांची वेल म्हणजे मर्यादवेल, ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावरच वाढते, तिला काय फरक पडणार खाऱ्या पाण्याचा? बाकी नारळ सोडला तर तुमचीच झाडं आधी मरतील.

जोधपूरचा देवगडकर

मी मूळचा देवगडचा, नोकरीमुळे गेली कित्येक वर्षं जोधपूरला आहे, घरामागे छोटी बाग आहे, त्यामुळे दोन्हीकडची वाळू ओळखतो. तुम्ही व्हिडिओत जे बघितलं त्यातलं अर्धं खरं आहे आणि अर्धं कॅमेऱ्याच्या बाहेर राहतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वाळवंटात तण नाही हे साफ चूक. जोधपूरला वर्षाला साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस, जैसलमेरला दोनशेच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. पहिला दणका पाऊस झाला की आठवड्याभरात जमीन हिरवी. सराटा, ज्याला इथे गोखरू म्हणतात, जमिनीला चिकटून सगळीकडे पसरतो आणि त्याचे काटे चपलेतून आरपार. सायकलचं ट्यूब तर दर पावसाळ्यात जातं. भुरूट नावाचं एक गवत आहे, त्याची बोंडं पायजम्याला अशी धरतात की काढता काढता बोटं रक्ताळतात. ही तणं घाईची असतात. ओल आहे तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं, सगळं काही आठवड्यांत. मग ते बी वाळूत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतं. म्हणून इथले जुने लोक पाऊस थांबला की लगेच कस्सी (फावड्यासारखं अवजार) घेऊन बाहेर पडतात, फुलाआधीच खरवडून टाकतात. फूल दिसल्यावर निघालात तर उशीर झाला समजा.

खडीचं म्हणाल तर इथेही वाऱ्याने उडालेली रेती खडीत भरते आणि त्यात गोखरू उगवतोच, फक्त कमी उगवतो कारण पुढे ओल नसते. आणि मे महिन्यात ती खडी एवढी तापते की जवळचं रोप होरपळतं. मी काढून टाकली.

आता वाळवंटाकडून घ्यायचं काय? तर पाणी. इथे तण आवरलं जातं ते खडीमुळे नाही तर झाडाच्या मुळाशी सोडून दुसरीकडे कुठेही पाणी टाकत नाहीत म्हणून. ठिबकची नळी, झाडाला एक थेंब्या, बाकी जमीन कोरडी ठाक. किंवा मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरायचा आणि त्यात पाणी भरायचं, आजूबाजूला पाझरतं तेवढंच. तुमच्याकडे पावसाळा संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंत हे तंतोतंत लागू पडेल, कारण तेव्हा पुळणीचा वरचा थर जो कोरडा पडतो त्यात काहीच रुजत नाही. कोकणात लोक काय करतात, पाइप घेऊन उभे राहतात आणि सगळ्या अंगणभर फवारा मारतात, मग म्हणतात तण फार. तुम्हीच पाणी घातलंत, मग तण येणारच ना.

दुसरं, इथे उन्हात सकाळी तण खरवडून तिथेच टाकलं की दुपारपर्यंत कुरकुरीत. तुमच्याकडे श्रावणात असं करू नका. केना नुसता ओल्या जमिनीवर पडला तरी पेराला मुळं फुटून परत उभा, घोळही तसलीच. काढलेलं सगळं पाटीत भरून गडग्यावर किंवा कातळावर नेऊन टाकायचं.

एक गंमत सांगतो, इथे विलायती बाभूळ सगळीकडे माजलीय, तोडली तर बुंध्यातून परत फुटते, लोक कंटाळलेत. पण १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला होता, वाळवंट हिरवं करायला म्हणून. बाहेरून काही आणून लावताना हे लक्षात ठेवलेलं बरं, घायपातसुद्धा पिल्लं सोडत पसरते हो.

फवारा मार

एवढा कशाला काथ्याकूट? ग्लायफोसेट तणनाशक मारा, लव्हाळा मुळासकट खलास, आम्ही आंब्याच्या बागेत वर्षानुवर्षं मारतोय. एक पंप पुरे तुमच्या तीन गुंठ्यांना.

केळशीची आगरवाली

आंब्याची बाग कातळावर असेल तुमची, यांची विहीर बागेत आहे आणि जमीन वाळूची. आणि घरात एकटी वयस्क बाई. कोण मारणार तो पंप, कुणाच्या अंगावर उडणार?

निवृत्त कृषी सहाय्यक, दापोली

औषधाबद्दल थोडं स्पष्ट सांगतो मग बाकीचं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला, तेव्हा दुकानातून बाटली आणून घरच्या बागेत मारा असा सल्ला इथे कुणी देऊ नये. शिवाय हे औषध चिकणमातीला धरून राहतं, वाळूत ती पकड कमी. आणि आपल्याकडे फवारल्यावर दोन तासांत सर आली की औषध धुऊन गेलं, पैसे पाण्यात. केळ, पपई, नारळाची कोवळी रोपं यांच्यावर तुषार गेला तर ती आधी पिवळी पडतात. काहीजण दुसरं ते झटपट जाळणारं पॅराक्वाट सुचवतील. त्यावर उतारा औषध नाही, पोटात गेलं तर माणूस वाचणं कठीण, घरात आणूच नका. विषय संपला.

आता लव्हाळा. हा नीट समजून घ्या कारण तुमचं मुख्य दुखणं तेच आहे, बाकीची तणं किरकोळ आहेत. याला नागरमोथा पण म्हणतात, जमिनीखाली काळपट गाठी असतात, चोळल्या की उटण्याचा वास येतो. एक गाठ, तिच्यातून पांढरा दोरा, पुढे दुसरी गाठ, अशी माळच असते. वरून पात धरून ओढली की दोरा तुटतो आणि खाली ज्या गाठी झोपल्या होत्या त्या जाग्या होतात, म्हणजे एक उपटला आणि चार उगवले असं जे लोक म्हणतात ते खरंच आहे. आई म्हणतात ते बरोबर असणार, गाठी बाहेरच्या मातीतूनच येतात. इथून पुढे माती आणायची तर आधी कोपऱ्यात ढीग करून भिजवून ठेवा, महिनाभर काय उगवतं ते बघा, लव्हाळा दिसला तर ती माती बागेत नेऊ नका.

तुमचं नशीब असं की जमीन वाळूची आहे. तांबड्या मातीत जे करता येत नाही ते तुम्हाला करता येईल. बहुतेक गाठी वरच्या वीतभर ते दीड वीत थरात असतात. मे महिन्यात वाळू पूर्ण सुकलेली असते तेव्हा फावड्याने तो थर काढायचा आणि गवंडी वाळू चाळतात ती तिरकी जाळी लावून चाळायचा. वाळू खाली पडते, गाठी आणि दोरे जाळीवर राहतात. ओली असताना करू नका, जाळी बुजते. गाठी घमेल्यात गोळा करून कातळावर किंवा पत्र्यावर कडक उन्हात पसरा, चांगल्या सुकल्या की मरतात, पण पावसाच्या आत त्यांचं काय ते करा, खताच्या खड्ड्यात चुकूनही टाकू नका. नारळाच्या बुंध्यापासून सहा फूट सोडून चाळा, नाहीतर मुळं तुटतील. सगळी जागा एका सुट्टीत होणार नाही, एक वाफा घ्या, पण तो पूर्ण करा.

त्यातूनही काही गाठी राहणार. त्यांना सावली सोसत नाही. चाळलेल्या वाफ्यात पाऊस पडला की रताळ्याचे वेल लावून टाका, थोडं शेणखत घाला, महिन्या-दीड महिन्यात जमीन झाकली जाते. चवळी पण चालेल. तोवर जो लव्हाळा वर येईल तो दर दोन-तीन आठवड्यांनी गाठीसकट खणून काढायचा, नवीन गाठी धरायच्या आत. हे आईंनी करायचं काम नाही, कुणीतरी बेणणीला येणारी बाई ठरवा आणि तिला दाखवून द्या की पात नको, गाठ पाहिजे.

केना, टाकळा, गवत या बियांच्या तणांसाठी प्लास्टिकचा उपाय चांगला आहे. एप्रिलमध्ये वाफा भिजवायचा, त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, ताणून अंथरायचं, कडा वाळूत पुरायच्या आणि चार ते सहा आठवडे ठेवायचं. काळं नको, पारदर्शकच. त्याखाली जमीन तापून वरच्या थरातलं बी मरतं. मघाशी जोधपूरच्या साहेबांनी सांगितलं तसं त्यांच्याकडे हे आणखी छान होत असेल, पण आपल्याकडेही एप्रिलचं ऊन कमी नाही, फक्त ढग यायला लागायच्या आत उरकलं पाहिजे. समुद्राचा वारा कडा उचलतो, म्हणून वर चिरे ठेवा. लव्हाळ्याच्या गाठी मात्र याने मरत नाहीत, भुलू नका, त्यासाठी चाळणीच.

आपले वाडवडील भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी राब भाजायचे ते काय वेगळं होतं? कवळं (तोडलेल्या डहाळ्या), पाला, शेण, वर माती, आणि सावकाश धुमसू द्यायचं. वरच्या बोटभर मातीतलं तणाचं बी भाजून निघायचं आणि भाताची रोपं स्वच्छ यायची. पण सुरूच्या कडेला, एप्रिल-मेच्या वाऱ्यात आग लावू नका, सुरूच्या काड्या भडकल्या तर आवरत नाहीत.

ठाण्याचा गुहागरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डंपर रद्द. नर्सरीवाल्याचा फोन आला होता, उचलला नाही 😅

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणते राबाचं बरोबर, आणि लव्हाळ्याचं तिला माहीतच होतं पण कोण ऐकतंय. टाकळ्याबद्दल म्हणाली की तो काढायला कशाला सांगताय, आमच्याकडे पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी झाल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही.

दोन शंका आहेत. मी फक्त तीनदा येतो, तर कधी काय करायचं? आणि मर्यादवेल काढायची की नाही ते कुणीच सांगितलं नाही.

आचऱ्याची माई

अरे बाबा, मर्यादवेल काढूक नको. ती वाळू धरून ठेवता, ती गेली की पावसाळ्यात वाऱ्यान पुळण सरळ तुझ्या पडवीत. तुझ्या वाफ्यात शिरली तर तेवढी टोकं कापून परत समुद्राकडे वळव, बास. तशीच ती रावणाची मिशी, वाळूतला काटेरी गवत, तिका पण हात लावू नको.

आणि तुझी आई बरोबर सांगते. टाकळो, कुर्डू, केन्याची कोवळी पानां, घोळ, हे सगळे खाऊचे. टाकळो कोवळो असतानाच काढायचो, ओला खोबरा आणि फणसाच्यो आठळ्यो घालून भाजी करायची, आमच्या शेजारच्यो चारपाच बायका माझ्या खळ्यात येवन घेऊन जातत, तण काढूक मजुरी द्यायची गरजच पडत नाय. फक्त जो राहिला तो गणपतीच्या आधी काढा, शेंगा सुकून तडकल्या की पुढच्या वर्षी दुप्पट. गाजर गवत मात्र ओळखून घ्या, ते कोवळ्यात वेगळा दिसता, त्याका हातमोजे घालून, फुलाच्या आत उपटायचा, अंगाक खाज सुटता, कोणाक दमा पण होता.

निवृत्त कृषी सहाय्यक, दापोली

माईंनी छान सांगितलं. केन्याबद्दल एक भर घालतो. त्याला वर निळी फुलं दिसतात ती तर आहेतच, पण मुळाशी जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. म्हणून नुसता ग्रास कटर फिरवून केना जात नाही, मुळासकट उपटला पाहिजे, आणि वाळूत तो ओल्यात सहज निघतो. ग्रास कटर दुर्वांवरही नको, तुकडे चारी दिशांना उडतात आणि प्रत्येक पेर रुजतं. दुर्वा खणून, दोरे शेवटपर्यंत शोधून काढायच्या. थोड्या गणपतीसाठी एका कुंडीत ठेवा म्हणजे झालं.

तुमच्या येण्याजाण्याचं म्हणाल तर चाकरमान्याचं वेळापत्रक बागेला तसं सोयीचंच आहे. मे महिन्यात चाळणी आणि आच्छादन. प्लास्टिक अंथरायचं असेल तर ते शिमग्याला आलात की वाफा तयार करून ठेवा, एप्रिलमध्ये गावातल्या कुणाकडून तरी अंथरून घ्या, मेमध्ये येऊन काढा आणि तुकडे वेचून न्या, वाळूत प्लास्टिक सोडू नका. त्या वाफ्यात नंतर खोल खणायचं नाही, नाहीतर खालचं जिवंत बी वर येतं, सगळी मेहनत फुकट. गणपतीत टाकळा, केना, गाजर गवत, सगळं फुलाच्या सुमाराला असतं, तेव्हा एक दिवस सगळ्यांनी मिळून लागलात तर बी जमिनीवर पडत नाही. रानमोडी राहते. ती थंडीत फुलते आणि बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास ती बुंध्यातून खणून काढायला हवी, नुसती तोडलीत तर परत फुटते. दिवाळीला यायला जमत नसेल तर गडी सांगा, एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

विहिरीकडच्या वाटेवर चिरे बसवले असतील तर फटीतलं गवत उकळत्या पाण्याने जातं. कोवळं असताना किटलीने ओता. मीठ नको, व्हिनेगर आणि मिठाचं ते मिश्रण व्हिडिओत दाखवतात तेही नको, वरची पानं करपतात आणि मूळ शाबूत राहतं.

फवारा मार

बरं बाबा, राहिलं. चाळणीचं मलाही करून बघायचंय, आमच्या खाली पायथ्याला थोडी रेताड जागा आहे. जाळी किती बारीक लागते?

निवृत्त कृषी सहाय्यक, दापोली

गिलाव्याची वाळू चाळतात ती. त्याच्यापेक्षा मोठ्या भोकाची घेतलीत तर लहान गाठी खाली जातात. विकत घेऊ नका, जवळपास कुठे घराचं काम चालू असेल तर गवंडी दोन दिवस देतो, परत देताना झटकून द्या, नाहीतर लव्हाळा त्याच्या वाळूतून दुसऱ्याच्या अंगणात पोचेल.

ठाण्याचा गुहागरकर

ठिबकची नळी आच्छादनाखालून घेऊ की वरून? आणि अडेनियम घेतलीत चार, ती कुठे लावू?

केळशीची आगरवाली

खालून घेतलीत तर पाणी उडून जात नाही, पण आमच्याकडे उंदीर आणि घुशी नळी कुरतडतात आणि पाचोळ्याखाली गळती कळतच नाही, एका जागी अचानक हिरवंगार झालं की समजायचं तिथे फुटलीय. मी वरून ठेवते आणि फक्त थेंब्याच्या जागी मूठभर पाचोळा ओढते.

जोधपूरचा देवगडकर

अडेनियम जमिनीत लावूच नका, कुंडीत ठेवा. मृग लागायच्या आधी कुंड्या उचलून पडवीत, पागोळ्यांचं पाणी लागणार नाही अशा जागी, आणि दसऱ्यापर्यंत जवळजवळ पाणी बंद. बुंधा दाबून बघा, मऊ लागला तर कुजायला लागलाय. जमिनीत लावायचंच असेल तर सदाफुली लावा आणि बोगनवेल, पुळणीत दोन्ही सुखाने राहतात.